सुट्टे मिळाल्याशिवाय उतरणार नाही

ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, अक्षरही किरटं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, तेवढं सांभाळून घ्यावं. पण अजयदादांबद्दल लिहायचंच होतं. चाळिशीचा माणूस चार चिंचोक्यांसाठी पाच वर्षांच्या पोरीशी भांडतो, हे मी रोज बघत होते.

इकडे कानडी मुलखात, बेळ्ळंदूरला, त्यांच्याकडे मी स्वयंपाक करते. मी निपाणीची, ते पुण्याचे, कंप्युटरवाले. वहिनींना पुण्यात नोकरी लागली, त्या पुढे गेल्या. मोठी सुट्टी लागली की लेक ओवीही आईकडे जाणार आणि दादा इथंच राहणार, असं ठरलेलं.

तोवर रोज संध्याकाळी सोफ्याची बस व्हायची. ओवी कंडक्टर, गळ्यात वहिनींची जुनी पर्स. "स्वल्प मागे सरका," ती इथल्या कंडक्टरसारखी मधेमधे कानडी घालून ओरडायची. बसमध्ये दादा एकटेच, तरी सरकायचे. सोफ्यावर उभेच राहायचे, कारण पुढच्या जागा बायकांच्या आणि तिथं बाहुली बसलेली. एकदा ऑफिसचा फोन आला. पडद्याची दोरी धरून दादा म्हणाले, "बसमध्ये आहे, बेळ्ळंदूरला अडकलोय." इथं गाड्यांची गर्दीच अशी की ऑफिसात कुणालाही शंका आली नाही.

इथले कंडक्टर सुट्टे नसले की उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतात, उतरताना मागून घ्यायचे. ओवीचंही तसंच. दादा पत्त्यांतला राजा द्यायचे, ती मोठी नोट. सुट्टे म्हणजे चिंचोके.

"येलहंका आलं. उतरा अण्णा."

"माझे चार चिंचोके?"

"सुट्टे नाहीत. लिहून दिलंय ना? उद्या या."

"उद्या बस नक्की आहे?"

"रोज काय तेच विचारता?"

चिंच कोळताना निघालेले चिंचोके मी ओवीसाठी ठेवायचे. एक दिवस दादा स्वयंपाकघराच्या दारात आले. मी मान खाली घालून भांडी घासत राहिले.

"मावशी, चिंचोके लपवून ठेवा. तिच्याकडे सुट्टे नकोत."

मी वर बघितलं.

"बाकी राहिली की बस परत येते," ते म्हणाले आणि लाजून निघून गेले. मी चिंचोक्यांचा डबा पोह्यांमागे सारला.

वहिनी न्यायला आल्या त्या सकाळी खाली टॅक्सी उभी होती. वाटेसाठी चिवडा करायला मी पोहे काढले आणि मागचा डबा ओवीला दिसला. फ्रॉकच्या ओच्यात सगळे चिंचोके घेऊन ती बाहेर पळाली.

"अण्णा, बसमध्ये चढा. जुनी तिकिटं काढा."

दादा सोफ्यावर चढले. पाकिटातून तिकिटं निघाली, एकही टाकलेलं नव्हतं. ओवी एकेक तिकीट बघून त्यांच्या ओंजळीत चिंचोके मोजत गेली.

"कमी आहेत बघ," दादा म्हणाले. "परत मोज."

तिनं परत मोजले. वहिनी घड्याळ बघत होत्या.

"बरोबर आहेत. सरी, उतरा आता."

दादा हळूच सोफ्यावरून उतरले.

बॅग मीच खाली नेली. ओवी टॅक्सीच्या काचेतून हात हलवत होती. दादांना हलवता आला नाही. दोन्ही हातांची ओंजळ तशीच होती आणि तिच्यात सगळे सुट्टे, एकही बाकी नाही.