लांजेवार भाऊजींचं टेस्टिंग

आमच्या शेजारचे लांजेवार भाऊजी दरवर्षी स्वतःवरच टेस्टिंग करतात. शेतातला नवा कोदो घरी आला की आधी एकटे जेवतात, मग अंगणात खुर्ची टाकून आपलं डोकं फिरतं का, याची वाट पाहत बसतात.

कोदो म्हणजे बारीक भरड धान्य. इकडे पूर्वी घरोघरी त्याचा भात व्हायचा, आता सगळे धानाच्या मागे. भाऊजी भिलाईच्या प्लांटातून रिटायर झाले आणि फंडाचा पैसा जवळच्या उतई गावातल्या शेतात कोदोवर लावून बसले. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, लोक फ्लॅट घेतात, तुमी चिड़ियों का दाना कावून घेऊन राहिले?"

"पानी रुसलं तं धान रडते," भाऊजी म्हणत, "कोदो नाई रडत."

कोणी भेटलं की नमस्काराऐवजी विचारणार, "शुगर किती?" उत्तर काही येवो, औषध एकच. कोदो.

यंदा पाऊस मधेच गायब झाला. आजूबाजूचं धान पिवळं पडलं, भाऊजींचा कोदो उभा. पण बाई, ऐन कापणीत पाणी आलं आणि पेंढ्या भिजल्या. भिजलेला कोदो कधी कधी बाधतो, भोवळ येते. आणि हाच कोदो अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीला द्यायचं भाऊजींनी कबूल केलेलं. बाधला असता तर सगळं पीक फेकावं लागलं असतं.

दुपारी ते जेवून खुर्चीत बसले. दरवर्षी समोर सुमन, त्यांची बायको, लक्ष ठेवून बसायची. ती उन्हाळ्यात गेली. म्हणून मी आपलं स्टूल नेलं.

"माझं नाव काय, भाऊजी?"

"मले काय मालूम? मी तं वहिनीच म्हनतो."

"डोकं फिरून राहिलं का?"

"ते लग्नातच फिरलं."

तोंडानं थट्टा, पण हात खुर्चीला घट्ट. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. मग ते उठले, नालीच्या काठावरून सरळ चालत गेले, तसेच परत आले. माझा जीव भांड्यात पडला.

"पास झाला न कोदो?"

"पास तं कवाचाच झाला, वहिनी. फिरायचं असतं तं डोकं तवाच फिरलं असतं."

"मग मले इतका वेळ कावून बसवलं?"

भाऊजी खुर्चीची धूळ झटकत राहिले. "तुमी समोर बसून होत्या. उठा म्हनवलं नाई."

मी उठलेच नाही. कुंपणावरून यांना हाक मारली, "आज आपलं जेवण इकडंच. कोदो आहे."