इल्पोचं एक मिनिट

"ठेवायचं. मान लववायची. मागे सरकायचं," हेल्का म्हणाली. "यातलं तुला नेमकं अवघड काय जातंय, इल्पो?"

इल्पो पिहकालाने प्रामाणिकपणे विचार केला. "मागे सरकायचं," तो म्हणाला.

हेल्काच्या घरात तीन पिढ्या अंत्यविधीचा धंदा. गावातल्या बहुतेकांना तिच्या आजोबांनी, वडिलांनी किंवा तिने पोहोचवलं होतं, आणि उरलेल्यांना आपली पाळी कोणाकडे येणार हे माहीत होतं. अशा घरंदाज धंद्यात इल्पो उमेदवारीवर लागला होता. शवपेटी तो छान उचलायचा. चेहराही जन्मतःच सुतकी. पण एकदा उभा राहिला की हलत नसे. एका अंत्यविधीला सगळे कॉफी पिऊन घरी गेले, खड्डा बुजला, वर बर्फ पडला, तरी हा तिथेच. दुसऱ्या वेळी तो दुःखी कुटुंबाबरोबर त्यांच्या घरी गेला आणि विधवा रात्रीचे कपडे घालून बाहेर येईपर्यंत सूप पीत बसला.

"तक्रार कुणी केली नाही," हेल्का म्हणाली. "आपल्या धंद्यात लोक तक्रार करत नाहीत. दिवे मालवतात."

"मी निघणारच होतो. एक मिनिटात."

"तुझं एक मिनिट मला सांगू नकोस."

इल्पोचं एक मिनिट गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या एका मिनिटावरच गावाने आयुष्यातला एकमेव चषक जिंकला होता. इल्पो तेव्हा बर्फावरच्या हॉकीच्या संघाचा कॅप्टन. या खेळात माणूस मिनिटभर जीव खाऊन पळतो, मग प्रशिक्षक "बदली!" म्हणून ओरडतो, की असेल तिथून बाकावर येऊन बसायचं आणि ताज्या दमाचे गडी आत जायचे. अंतिम सामन्यात प्रशिक्षक तौनो गुरुजी ओरडले, "बदली!" बाकीचे बाकाकडे सुटले. इल्पो म्हणाला, "एक मिनिट," आणि एकटाच पुढे जाऊन त्याने विजयी गोल मारला.

गावाने त्याला खांद्यावर घेतलं. तौनोंनी हातसुद्धा मिळवला नाही. "गोल झाला म्हणून चूक बरोबर होत नाही," म्हणाले, आणि त्यानंतर ते इल्पोशी एकच शब्द बोलत आले. दुकानात रांगेत इल्पो पुढे दिसला, की मागून यायचे, "बदली," म्हणायचे, आणि त्याच्या पुढे जाऊन आपलं दूध घ्यायचे.

इल्पोचं पुढचं आयुष्य म्हणजे त्या मिनिटाचा बाकी राहिलेला भाग. संघाने त्याला निवृत्त केलं ते त्याच्या कपाटाचं कुलूप बदलून. टीव्हीवर सामन्यांबद्दल बोलायला घेतलं, तर बातम्या सुरू झाल्या तरी हा बोलतोच आहे. गाड्या विकायला ठेवलं, तर गिऱ्हाइकाबरोबर चाचणी फेरीला गेला आणि तीन गावांपलीकडून फोन केला. आता उरला होता फक्त हा धंदा, जिथे समोरच्यालाही कुठे जायची घाई नसते. इथूनही काढलं तर पुढे काय, हा विचार त्याच्या मनात आला की तो उभ्याउभ्याच थंड पडायचा.

"आज तुझ्या उमेदवारीचा शेवटचा दिवस," हेल्का म्हणाली. "आणि आज पेटीत तौनो आहेत. सगळा गाव येणार. आधी उतारावर वाळू टाक, कुणी घसरायला नको. मग ठेवायचं, मान, मागे. जमलं तर राहा. नाही जमलं तर…" तिने वाक्य पुरं केलं नाही. या धंद्यात ते करावं लागत नाही.

तौनोंची बायको केर्त्तू हिची एकच इच्छा होती: पेटी त्या अंतिम सामन्यातल्या सहाजणांनी उचलावी. तशी ती बाई फारसं काही मागणारी नव्हती, म्हणून नाही म्हणणंही कुणाला जमलं नाही.

फेब्रुवारी महिना. आदल्या दिवशी अवेळी पाऊस पडला होता आणि रात्री गोठला होता. चर्चपासून खाली सरोवरापर्यंत जाणारी दफनभूमीची वाट आरशासारखी चकाकत होती. सकाळ होती, पण उजेड असा होता की दिवसाने यायचं ठरवून दारातूनच परत जावं. गावाच्या गाड्या आधीच आवारात लागल्या होत्या आणि माणसं घंटेची वाट बघत गाड्यांतच उबेला बसली होती. इल्पोने शववाहिका मागून फाटकातच आडवी उभी केली, एका मिनिटासाठी, आणि वाळूची बादली उतरवली. जाता जाता तो चर्चमध्ये डोकावला. आत तौनो एकटेच होते, झाकण लावून.

"एक मिनिट," इल्पो स्वतःशीच म्हणाला आणि बादली मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसला.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. गेली कित्येक वर्षं बोलायचं होतं. ते काय, हे आठवेपर्यंत घंटा वाजायला लागली आणि मंडळी आत आली. बादली त्याने बाकाखाली सरकवली.

विधी व्यवस्थित झाला. फुलं ठेवली गेली, पुष्पचक्रांच्या फितींवरचे निरोप मोठ्याने वाचले गेले. मग सहाजण पुढे झाले. दोन्ही बाजूंनी तीन-तीन. गोलरक्षक पासी, ज्याच्या गुडघ्यात आता हाडापेक्षा लोखंड जास्त होतं, उजव्या कडेने खेळणारा राउली, जो टायर विकून स्वतःही टायरसारखा झाला होता, आणखी तिघे, ज्यांच्यात मिळून एक धड कंबर निघाली असती, आणि इल्पो. तौनो जिवंतपणीही हलके नव्हते.

"वाळू टाकलीस ना?" राउलीने तोंडाच्या कोपऱ्यातून विचारलं.

"टाकणार होतो."

"म्हणजे?"

"हळू चाला."

ते हळू चालले. मागे केर्त्तू, पाद्रीबाई, हेल्का आणि सगळा गाव, पेंग्विनसारखी पावलं टाकत. वाट उतरायला लागली तसा पासी कण्हायला लागला.

"कॅप्टन, गुडघा गेला."

"दम धर."

"धरायला गुडघाच नाही, कॅप्टन! मला सोडवा कुणीतरी!"

आता कुठल्याही माणसाने काय म्हटलं असतं? थांबा म्हटलं असतं. खाली ठेवा म्हटलं असतं. इल्पोच्या तोंडून, त्याच्या नकळत, तरणाताठा जुना आवाज निघाला:

"बदली!"

तौनोंनी या सहाजणांना घडवलं होतं ते लोहाराने घोड्याचा नाल घडवावा तसं. शब्द कानावर पडला की हातात काय आहे ते बघायचं नाही. पाचही जणांनी एका क्षणात पेटी सोडली, डावीकडे वळले आणि बाकाच्या दिशेने निघाले. बाक तिथे नव्हता. राउलीने तरीही सवयीने पाय उचलून एका थडग्याचं बुटकं कुंपण ओलांडलं आणि दगडावर बसून धापा टाकायला लागला. पासी लंगडत का होईना, पण वेळेत पोहोचला.

आत जायला मात्र ताज्या दमाचे कुणीच नव्हते.

इल्पोने अर्थातच सोडली नव्हती. पेटी खाली आपटली, क्षणभर विचारात पडली, आणि निघाली. तिच्या मागे, कडी घट्ट धरून, काळ्या कोटात पोटावर पालथा, चॅम्पियन संघाचा कॅप्टन.

"सोड!" हेल्का ओरडली.

"एक मिनिट!" खालून आवाज आला.

वाटेत एक वळण होतं, ते पेटीने घेतलं नाही. खालचं फाटक मासे धरणाऱ्यांसाठी उघडं असतं. त्यातून ती थेट सरोवरावर गेली. रात्री गोठलेल्या पावसाने सरोवरावरचा सगळा बर्फ नुसता घोटून ठेवला होता. तिथे एक म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून, लांबट खोक्यावर बसला होता. पेटी त्याच्या जवळून गेली. म्हाताऱ्याने टोपी काढली.

"तौनो का?"

"हो," इल्पो म्हणाला.

"लवकर निघाले," म्हातारा म्हणाला आणि टोपी घातली.

पुढे बर्फावरच गावातल्या लोकांनी खेळायला साफ केलेलं मैदान होतं, आणि मैदानाच्या टोकाला जाळीचा गोल. इल्पोने आयुष्यभर जे केलं नव्हतं ते करायचा प्रयत्न केला: पाय रोवून थांबायचा. त्यामुळे पेटी गर्रकन फिरली, इल्पो पुढे आला आणि तो, पेटी आणि तौनो गुरुजी, या क्रमाने, गोलमध्ये शिरले. जाळी फाटली. मग सगळं शांत झालं. एक कावळा ओरडला, पण मनापासून नाही.

गाव खाली येईपर्यंत बराच वेळ गेला, कारण वाळू नव्हती. सगळ्यांच्या आधी केर्त्तू आली, पाद्रीबाईंचा हात धरून. तिने पेटीकडे पाहिलं. झाकण जागेवर होतं.

"बचावात खेळायचा तौनो," ती म्हणाली. "सगळ्या आयुष्यात एक गोल मारला नाही त्याने."

गर्दीत कुणीतरी नाक ओढलं. तेवढ्यात मागून तो मासेवाला म्हातारा आला.

"हा गोल धरता येणार नाही," तो म्हणाला. "पेटीच्या आधी इल्पो आत गेला. नियमात बसत नाही."

केर्त्तूने मान डोलावली. "तौनोही हेच म्हणाला असता."

मासे वाहायच्या ढकलगाडीवर पेटी चढवून सगळे परत वर आले. हेल्का सगळ्यांच्या पुढे चालत होती. आपलं काय झालं हे इल्पोला कळलं होतं. तिच्या पाठीवरच लिहिलेलं होतं ते. खड्ड्याशी सहाजणांनी पट्टे धरले आणि या वेळी कुणी तोंडसुद्धा उघडलं नाही. पेटी सावकाश तळाला टेकली. पाचजणांनी पट्टे सोडले, मान लववली, मागे सरकले.

इल्पो उभाच. पट्टा दोन्ही हातांत.

पाद्रीबाईंनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. लोक पायावरचा भार बदलायला लागले. हेल्काने डोळे मिटले. शेवटी केर्त्तू त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ती त्याच्या कोपराएवढी होती.

"दर रविवारी हा त्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावायचा," ती हळूच म्हणाली. "शेवटचं मिनिट यायचं, तू पुढे निघायचास, आणि हा खुर्चीतून ओरडायचा. बदली, गाढवा, बदली. मग गोल झाला की मला म्हणायचा, बघ, ऐकलं नाही."

"चिडून?"

"तेच मला इतकी वर्षं कळलं नाही," केर्त्तू म्हणाली. मग तिने त्याच्या बाहीला हात लावला. "बदली, इल्पो."

इल्पोने पट्टा सोडला. मान लववली. आणि मागे सरकला. आयुष्यात पहिल्यांदा.

चर्चच्या दालनात कॉफी होती, माशाचे पाव होते, साय घातलेला केक होता. हेल्का कप घेऊन त्याच्यासमोर बसली.

"पाचजणांनी पेटी सोडली," ती म्हणाली. "तू सोडली नाहीस."

"नाही सोडली."

"वाळू टाकली नाहीस ते वेगळं. त्याबद्दल मी तुझ्याशी मरेपर्यंत बोलणार आहे. पण काही झालं तरी पेटी न सोडणारा माणूस आमच्या घराला तीन पिढ्यांत मिळालेला नाही. सोमवारी ये."

इल्पोने हातातला पाव बशीत ठेवला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इथे बसून संध्याकाळपर्यंत बोलता आलं असतं, दिवे मालवेपर्यंत. पण आज तो काहीतरी शिकला होता. त्याने कप ठेवला, मान लववली आणि मागे सरकला. केकसुद्धा न घेता तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि सरोवरावरून घराकडे चालायला लागला. वेळेवर निघणं इतकं सोपं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हातारा अजून भोकाशी बसला होता. इल्पो थांबला. हातमोजे काढायला त्याने खिशात हात घातला, आणि हाताला काहीतरी गार लागलं.

शववाहिकेची किल्ली.

त्याने वळून पाहिलं. वर, अंधारत चाललेल्या उतारावर, गाड्या जायच्या एकुलत्या एक फाटकात शववाहिका आडवी उभी होती. तिच्यामुळे सगळ्या गावाच्या गाड्या आवारात अडकून पडल्या होत्या. गाड्यांभोवती माणसं गोळा होत होती, आणि त्यांच्या मधोमध हेल्का हात हलवत होती. एवढ्या लांबून ते निरोप दिल्यासारखं दिसत होतं.

म्हातारा खोक्यावर थोडा सरकला. इल्पो त्याच्या शेजारी बसला. बाकावर बसलं की खेळ किती लांबचा वाटतो, हे त्याला या वयात कळत होतं.

"बोलावतायत तुला," म्हातारा पाण्याकडे बघत म्हणाला.

"हो."

"जाणार ना?"

"जातो की," इल्पो म्हणाला. "एक मिनिट."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि थर्मासमधली कॉफी त्याच्यासाठी दुसऱ्या झाकणात ओतली. वर, फाटकाशी, लोकांनी ते दोघे शेजारी बसलेले पाहिले, आणि एकेक करून ते पुन्हा आत, उरलेल्या केककडे वळले.