हरणाऱ्याच्या बाजूचे वाघमारेकाका

मॅच लागली की लोक स्कोअर विचारतात. आमचे वाघमारेकाका विचारतात, "हरनार कोन?" उत्तर मिळालं की त्या संघासाठी टाळ्या वाजवायला मोकळे.

वैजापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन ते औरंगपुऱ्यात आमच्या शेजारी राहायला आले, एकटेच. शाळेत शिपाई होते, पण समजावून सांगायची सवय मास्तरांची. भाजी घेणार ती गिऱ्हाईक नसलेल्या गाडीवरूनच. वांगी किडकी निघाली तरी बेहत्तर. 'अंडरडॉग' हा शब्द त्यांनी क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून उचलला आणि गल्लीभर वाटला. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आपला लिंबूटिंबूच की."

"नाय. लिंबूटिंबू आऊट झाला तरी धरत नायत. अंडरडॉगला धरतात. त्याला म्हाईत असतं, आपन हरनार. तरी उतरतो. म्हनून त्याच्यामागं मानूस लागतं."

आमच्या गल्लीत कॅरमच्या स्पर्धेला आपापल्या खेळाडूच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसायची रीत आहे. काका दरवर्षी कच्च्या खेळाडूमागं. त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची, आणि त्यात मीच आघाडीवर. यंदा मात्र त्यांनी स्वतःचं नाव दिलं, आणि चिठ्ठीत पहिलीच गाठ पडली माझ्या मुलीशी, पल्लवीशी. तीन वर्षं तीच जिंकतेय.

रविवारी दुपारी अख्खी गल्ली पल्लवीमागं. ज्यांच्यामागं काका आजवर बसले, तेही तिकडंच. मीही, बाप आहे मी. काकांच्या मागं नुसती भिंत. स्ट्रायकर हातात घेऊन त्यांनी एकदाच मागं वळून बघितलं. मला माझी लाज वाटली, पण उठवेना.

पल्लवीनं खेळ थांबवला. "बाबा, तुम्ही तिकडं बसा बरं."

मी खुर्ची उचलून काकांच्या मागं नेऊन टाकली. राणी भोकाच्या तोंडाशी होती, कुणीही घेतली असती. काकांचा नेम चुकला. पुढचाही चुकला. डाव गेला.

घरी जाताना मी म्हटलं, "काका, राणी सोपी होती की."



"व्हय, सोपी व्हती. पन आजवर माझ्यामागं कुनी बसलंच नव्हतं रे. सगळं ध्यान पाठीकडंच लागलं."