रामटेकेजींच्या तेलाचा रिपोट

रामटेकेजींच्या घरी पाहुणा गेला की चहाच्या आधी त्याच्या हातात काळ्या तेलाची बाटली येते. ती हलवायची नाही, हुंगायची नाही. उजेडापुढे धरायची आणि काय दिसतं ते सांगायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ बघून म्हणालो, "काळं आहे." रामटेकेजींनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "काळं तं मलेबी दिसते, सर. कायच्यानं काळं हाय, थे सांगा." मी अड्याळच्या शाळेत मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आलेलो, त्यामुळे मला जरा रागच आला.

हिरामण रामटेके शहापूरला हायवेच्या पलीकडे राहतात, मी अलीकडे. नोकरी त्यांनी एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून केली. तिथे रोलर आणि टिप्परचं वापरलेलं इंजिन ऑइल तपासायला नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचं. माणसाचं रक्त तपासतात तसंच ते. इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते कळतं. तेलात लोखंड जास्त निघालं तर सिलिंडर घासतोय, तांबं आणि शिसं निघालं तर बेअरिंग जातंय, सिलिकॉन म्हणजे धूळ शिरतेय, सोडियम म्हणजे बहुधा रेडिएटरचं पाणी आत झिरपतंय. साहेब लोक तिथून आलेला रिपोटाचा कागद फाइलला लावून विसरायचे. रामटेकेजींनी मात्र तो वाचायचा ध्यास घेतला. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून एफ-ई म्हणजे लोखंड, सी-यू म्हणजे तांबं, असं पाठ केलं आणि प्रत्येक गाडीची वेगळी वही ठेवली.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा वर्कशॉपातल्या अर्ध्या गाड्या तिकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी सगळे मेकॅनिक चिवडा खात होते आणि रामटेकेजी प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात त्याच्या गाडीची वही देऊन सांगत होते, "इचं शिसं मांगच्या दोन रिपोटात वाढून राह्यलं. तिकडच्या मिस्त्रीले सांगजा." वह्यांचं तिकडे काय झालं, कोणाला ठाऊक नाही. रामटेकेजी मात्र पुढे दोन-तीन वर्षं कोणी गोंदियाहून आला की माणसाच्या आधी गाडीची खुशाली विचारायचे.

पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक जुनी पेट्रोलवर चालणारी चारचाकी घेतली. बायकोला, म्हणजे शशिकलाबाईंना, बपेऱ्याला माहेरी बसने जायचा त्रास होतो, हे कारण सांगितलं. ते खरंही होतं. पण त्यांना एक इंजिन हवं होतं, हेही तितकंच खरं. दर वेळी तेल बदललं की एक बाटली नागपूरला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हवाली व्हायची आणि आठ-दहा दिवसांनी रिपोट यायचा. त्या दिवशी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो वाचायला बसत. शशिकलाबाई त्याला "ह्यायची चिठ्ठी" म्हणत.

एकदा त्या चिठ्ठीत सोडियम भलतंच जास्त निघालं. रामटेकेजींचं जेवण तुटलं. रेडिएटरचं पाणी तेलात उतरतंय म्हणजे इंजिनाचं हेडच गेलं असणार. त्यांनी चार दिवस लावून अंगणातल्या कडुनिंबाखाली इंजिन खोललं. गॅस्केट चांगलं, हेड सरळ, कुठे चीर नाही. पाचव्या दिवशी सुटे भाग ताडपत्रीवर मांडून ते डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा शशिकलाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी बाटली खायच्या सोड्यानं धुतली होती ना. चांगली चकचकीत निघाली होती." खायचा सोडा म्हणजे सोडियमच की.  रामटेकेजींनी इंजिन परत जोडलं आणि त्यानंतर बाटल्या कुलपात ठेवायला लागले. हा किस्सा शशिकलाबाई येईल त्याला सांगायच्या, आणि त्या सांगत असताना रामटेकेजी मान खाली घालून मंद हसत बसायचे. स्वतःची फजिती इतक्या आवडीने ऐकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गावातले लोकही सुरुवातीला कौतुकाने आपापल्या गाडीचं तेल आणून देत. ते बंद पडलं एका धानाच्या गिरणीवाल्यामुळे. त्याच्या तेलात धूळ फार निघाली. रामटेकेजींनी भर अंगणात, त्याच्या बायकोसमोर निकाल दिला. "एअर फिल्टरचा डबा ढिला झाला, हे एक. अन् दुसरं, तुमी रोज हायवेनं नागपूरले जाता म्हनता, थे काई मले पटत नाई. इतकी धूड हायवेवर नसते. तुमची गाडी नदीकडच्या रेतीच्या रस्त्यानं फिरून राह्यली." नदीकडे एका शेतावर पत्त्यांचा अड्डा बसतो, हे सगळ्या शहापूरला माहीत होतं. फक्त गिरणीवाल्याच्या बायकोला नव्हतं. तेव्हापासून तेल द्यायला कोणी येईना. रामटेकेजींना त्यात आपलं काय चुकलं ते कधीच कळलं नाही. "मी मनचं काई सांगतलं का?" एवढंच ते म्हणत.

त्यांचं पालुपद एकच होतं, "एका रिपोटावर निकाल नाई." एक आकडा बघून घाबरायचं नाही, एक आकडा बघून खूश व्हायचं नाही. मागचे तीन कागद शेजारी ठेवायचे आणि आकडा कुठे चालला ते बघायचं. माझ्या मुलीला सहामाहीत गणितात कमी गुण पडले तेव्हा मी तिच्यावर ओरडत होतो. रामटेकेजी नेमके दारात आले. त्यांनी तिच्या मागच्या तीन परीक्षांचे गुण मागून घेतले, कागदावर लिहिले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर चालून राह्यली. ह्या बारीचं सॅम्पल खराब हाय. ताप-बिप होता का इले?" होता. मी विसरलो होतो.

शशिकलाबाईंना फुप्फुसाचा आजार झाला आणि दीड वर्षात त्या गेल्या. पुण्याचा मुलगा आला, पंधरा दिवस राहिला आणि बापाला चल म्हणाला. रामटेकेजी गेले नाहीत. मग वर्षभरात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा विकार, ऑपरेशन करूनही फारसा फरक पडणार नव्हता. समोरचा माणूस आकाराने ओळखू यायचा, अक्षर दिसायचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं. गाडी कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली आणि मुलगा फोनवर रोज म्हणू लागला की विकून टाका.

मला शाळेत जायला गाडी हवीच होती. मी विचारलं. रामटेकेजी म्हणाले, "तुमाले देतो. पर पयले रिपोट येऊ द्या. बिनारिपोटाची गाडी मी कोनाले देनार नाई." मी म्हटलं, मला तुमच्यावर भरवसा आहे. "माह्यावर ठेवा बाप्पा, इंजिनवर कायले ठेवता?" बाटली नागपूरला गेली.

रिपोट आला त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट अंगात होता, पण बटणं वरखाली लागली होती. कागद त्यांनी माझ्याकडे दिला. आजवर ते वाचायचे आणि मी ऐकायचो. आता मी वाचायला लागलो.

"लोखंड?" मी आकडा सांगितला. "ठीक." तांबं, ठीक. शिसं, ठीक. धूळ नाही. सोडियम नाही. मी सोड्याची आठवण काढून हसलो, ते हसले नाहीत. पुढची ओळ वाचताना माझीच जीभ अडखळली. तेलात पेट्रोल साडेपाच टक्के होतं. मागच्या सगळ्या रिपोटांत ते एक टक्क्याच्या आत होतं. पाण्याचा अंशही होता, आणि तेल पातळ झालं होतं. वर किलोमीटरचा आकडा होता. मागच्या तेलबदलीपासून गाडी सगळी मिळून एकशे ऐंशी किलोमीटर चालली होती.

इतक्या वर्षांच्या शिकवणीने एवढं मलाही कळत होतं. गाडी न हलवता जागेवर इंजिन सुरू ठेवलं की ते नीट तापत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी तेलात उतरत राहतं. आणि हे एक-दोनदा करून होत नाही, रोज करावं लागतं. जागेवर इंजिन सुरू ठेवणाऱ्यांना रामटेकेजींनी हायवेवर थांबवून शिव्या घातलेल्या मी स्वतः ऐकल्या आहेत.

"इंजेक्टर गळत असन," मी म्हणालो.

"नाई. इंजेक्टर चांगला हाय. त्याले दोष देऊ नका. खाली शेरा असन. वाचा."

"काही नाही. नॉर्मल लिवलं हाय."

"सर, तुमी मास्तर हा. वाचा."

मी वाचलं. गाडी न चालवता इंजिन सुरू ठेवणे टाळावे, असं लिहिलं होतं.

रामटेकेजींनी गुडघ्यावरचे हात उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवले. मग ते बोलले, माझ्याकडे न बघता, गाडीच्या दिशेने तोंड करून. "तिले खाटेवर आडवं झालं का दम लागे. रात-रात बसून राहे. एक दिवस दवाखान्यातून येता येता पुढच्या सीटवर तिले झोप लागली. म्हनून मंग मी रोज तिले गाडीत बसवून हायवेनं नेत होतो. पुढं पुढं थेबी सोसेना. तवा इथंच, झाडाखाली, सीट मांगं करून देत होतो अन् इंजिन सुरू ठेवत होतो. इंजिन घुमत राह्यलं का तिचा डोडा लागे. बंद केलं का उठे."

मी कडुनिंबाखालच्या गाडीकडे बघितलं.

"आता रोज सकाडी मीच जाऊन बसतो. वीस मिन्टं. मले समजते ना, इंजिनले खराब हाय थे. पर चाबीले हात लावला का वाटते, आता बंद करीन अन् ती उठन." त्यांनी नाक पुसलं. "मंग पेट्रोल जाऊन राह्यलं म्हनून बंद करतो."

"मग बाटली पाठवली काहून? तुमाले तं माहीत होतं काय निघन थे."

"लोकायच्या तेलातलं भर अंगनात सांगतलं, आपलं लपवू का? आता तुमी पाहा. घेनं असन तं घ्या, नाई तं नाई म्हना. मले राग नाई."

मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आल्याची लाजही वाटली, कारण त्याने ती मागितली नव्हती. मी कागदाची घडी घातली. गाडी घेतो म्हणालो. फक्त एक अडचण सांगितली. माझ्या गल्लीत गाडी वळत नाही, तेव्हा ती इथेच झाडाखाली राहील. मी सकाळी साडेनऊला येऊन नेईन आणि संध्याकाळी आणून लावीन. एक चाबी तुमच्याकडे असू द्या, ताडपत्री-बिडपत्री कोणी तरी पाहायला हवं.

"तुमच्या गल्लीत तं ट्रॅक्टर वडते," रामटेकेजी म्हणाले.

"ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी हाय."

 खिशातून दोन चाब्या काढून त्यांनी चाचपून बघितल्या, आणि जी कमी झिजली होती ती मला दिली. "मंग तेल लवकर बदलावं लागन, सर. तीन हजारावरच." मी म्हणालो, बदलू. त्यावर त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. साखर टाकायला विसरले, पण मी तो प्यायलो.

याला आता काही महिने झाले. रोज गाडी न्यायला जातो तेव्हा बॉनेट कोमट असतं. डावीकडची सीट मागे कललेली असते, मी तिला हात लावत नाही. शाळेतला कोणी बरोबर असला तर त्याला मागे बसवतो. लोक मला विक्षिप्त म्हणू लागले आहेत.

परवा तेल बदललं. इंजिन गरम असतानाच खालचं झाकण उघडायचं, पहिली धार जाऊ द्यायची, मधल्या धारेखाली बाटली धरायची, हे सगळं रामटेकेजी शेजारी उभे राहून माझ्याकडून करून घेत होते. मग ते हात धुवायला नळावर गेले. बाटलीबरोबर प्रयोगशाळेचा एक फॉर्म भरून द्यावा लागतो. आजवर तो त्यांनी भरला, गेल्या खेपेला अक्षर दिसेना म्हणून कंडक्टरकडून भरून घेतला, आता तो माझ्याकडे आला. गाडीचं नाव, किलोमीटर, तेल कोणतं, सगळं लिहिलं. तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या, गाडीच्या वापराबद्दल काही सांगायचे असल्यास. मी तिथे लिहिलं, "रोज सकाळी वीस मिनिटं गाडी जागेवर सुरू असते. कारण माहीत आहे. कृपया उपाय सुचवू नये."