वावळ उशिरा फुलला

पलूसच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या विजयमालाबाईंना आपल्या नाकाचा भारी अभिमान! नाक काही चाफेकळी नव्हतं, पण वेळेचं पक्कं होतं. घराच्या कुंपणाला लागून वावळाचं मोठं झाड. थंडी सरताना त्याची पानं झडायची, उघड्या फांद्यांवर बारीक तपकिरी फुलं यायची, त्यातले पराग वाऱ्यावर उडायचे आणि बाईंना शिंका लागायच्या. वीस जानेवारीला सुरू, दहा फेब्रुवारीला बंद. सहा वर्षांच्या नोंदी होत्या त्यांच्याकडे!

म्हणून लेकीच्या, रेश्माच्या, साखरपुड्याची तारीख धरताना त्यांचे यजमान ज्ञानदेवराव म्हणाले, "त्या झाडावर कुऱ्हाड चालवू का आधी?"

"अहो, काहीतरीच काय! बावीस फेब्रुवारी धरा. त्या दिवशी माझं नाक कोरडं ठणठणीत असणार. लिहून देते!"

नवरा मुलगा वीरधवल साताऱ्याकडचा, लष्करात नोकरीला. त्याची रजा चोवीसला संपत होती, पुढची दिवाळीत. त्याचं आणि रेश्माचं वर्षभर फोनवर जमलेलं, आता फक्त मोठ्यांनी सुपारी फोडायची होती. म्हणजे बावीस तारीख हलणार नव्हती.

यंदा मात्र थंडी हटेचना. जानेवारी संपला तरी शेजारीपाजारी शेकोटीला चिकटून. वीस तारीख गेली, शिंक नाही. दहा फेब्रुवारी गेली, शिंक नाही! बाईंनी शाळेत जाहीर करून टाकलं, "रोजच्या वाफाऱ्यानं माझी ॲलर्जी मुळापासून गेली!" वाफारा कसा घ्यायचा हे त्यांनी मुख्याध्यापकांनाही डोक्यावर टॉवेल घालून दाखवलं. हवामानाचा झाडांवर होणारा परिणाम दरसाल फळ्यावर लिहिणाऱ्या या बाईंना एवढं काही सुचलं नाही, की गारठ्यात आपलं नाक नव्हे, झाड थांबलंय.

अठराला थंडी एकाएकी गेली. तीन दिवस नुसतं ऊन. आणि महिनाभर रखडलेला वावळ एका दमात फुलला. अंगणात मांडव घालण्याच्या गडबडीत वर बघायला वेळ होता कुणाला?

बावीसला सकाळी पाहुणे आले. पुढं वीरधवलची आत्या लीलाबाई. आई-वडिलांमागं पोराला त्यांनीच वाढवलेलं. तीस वर्षं एसटीच्या चौकशी खिडकीत काढलेली बाई. त्यांनी होय म्हटल्याशिवाय त्या घरात कप हलत नसे. मुहूर्त पावणेबारा ते साडेबारा.

विजयमालाबाई कुंकवाचं ताट घेऊन दारात आल्या.

"या, या! आमचं केवढं भा... भा... आऽऽक्छीं!"

ताटातलं सगळं कुंकू उडालं आणि वीरधवलच्या धैर्यशीलमामांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर बसलं. मामा रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसायला लागले.

"थांबा!" लीलाबाईंनी हात वर केला. "शिंक झाली. धा मिन्टं कुणी पाऊल उचलायचं न्हाई."

सगळे होते तिथं थांबले. वीरधवलच्या एका पायात बूट, एका पायात मोजा. तो बगळ्यासारखा उभा.

दहा मिनिटं झाली. मंडळी बसली. गुरुजींनी सुपारी हातात घेतली आणि... आऽऽक्छीं!

"धा मिन्टं!" लीलाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या शिंकेला बारा वाजून गेले. बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि आत पळाल्या. डोळे धुतले, बाहेर आल्या, नाकात वळवळलं, पुन्हा आत. बाहेर, आत, बाहेर, आत! जागेवर बूड टिकेना. डोळे लाल, नाक टोमॅटो, गालावरून पाण्याच्या धारा.

मामा आत्याच्या कानाशी लागले, "आक्का, बाई रडत्यात. पोरीच्या आईच्या मनातच न्हाई जणू."

लीलाबाई उठल्या आणि थेट बाईंसमोर उभ्या राहिल्या. "आवं विजयमालाबाई, आई-बापाविना वाढलेलं पोर हाय माजं. मन मारून कुणी पोरगी देऊ नका त्येला. खरं सांगा, सोयरीक पसंत हाय का न्हाई?"

बाईंना हजारदा 'हो' म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की शिंक! त्यांनी श्वास रोखला आणि 'जरा थांबा' म्हणून दोन्ही हात जोरजोरात हलवले.

वीरधवलचा चेहरा उतरला.

"न्हाई म्हनत्यात," मामा म्हणाले. "चला, गाड्या काढा."

"आवं, असं कसं? बसा की!" ज्ञानदेवराव हात जोडत धावले.

आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेली रेश्मा पाटावरून ताडकन उठली. "आत्याबाई, आईला वावळ फुललाय!"

"काय फुललंय?"

तिनं वर बोट केलं. सगळ्यांनी माना वर केल्या. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, फांद्या हलल्या आणि बाईंनी कोंडलेल्या चार शिंका एकामागोमाग सुटल्या. मग शिंका देत देतच त्यांनी थंडी, झाड आणि पराग असा सगळा धडा शिकवला. शेवटी नाक पुसत म्हणाल्या, "रडत नाही हो मी! जावई लाख पसंत आहे. माझं गणित चुकलं."

लीलाबाई विरघळल्या, पण घड्याळ काही विरघळेना. बारा वीस!

"गच्चीवर चला!" ज्ञानदेवराव म्हणाले. "वर मोकळी हवा हाय."

सगळी वरात जिन्यानं वर गेली. गच्ची नेमकी वावळाच्या शेंड्याच्या उंचीला! फुलांचे घोस कठड्यावर टेकलेले. बाईंनी तिथं सात शिंका दिल्या, त्यातल्या दोन जिना उतरताना.

शेवटी वीरधवल लष्करी आवाजात म्हणाला, "सगळे गाडीत बसा! काचा बंद!"

त्यांची सात जणांची गाडी कुंपणाशी उभी होती. तीत नऊ जण शिरले. गुरुजी मागं सामानात, मांडीवर नारळ. रेश्मा आणि वीरधवल एका सीटवर, तेवढे दोघंच गर्दीवर खूश. काचा वर गेल्या. पाच मिनिटं बाई शिंकल्या नाहीत.

"आणि पुन्हा शिंक आली तर?" मामांनी विचारलं.

"गाडीत बसल्यावर शिंक मोजत न्हाईत," आत्यांनी निकाल दिला. "फोडा सुपारी!"

अडकित्ता घरातच राहिला होता. ज्ञानदेवरावांनी सीटखालून चाकाचा पान्हा ओढला आणि बारा एकोणतीसला सुपारी फोडली. एक तुकडा मामांच्या कपाळाला लागला, पण आता मामांची तक्रार ऐकतं कोण! लीलाबाईंनी विजयमालाबाईंना मिठी मारली.

"लय उकडतंय," गुरुजी मागून म्हणाले.

मामांनी एसी लावला. गाडी सकाळपासून वावळाखाली उभी होती, हे ध्यानात यायच्या आतच जाळ्यांतून पिवळसर धुरळ्याचा भपकारा आला. बाहेर ताटकळलेल्या फोटोवाल्यानं नेमकी तेव्हाच समोरच्या काचेतून कळ दाबली.

साखरपुड्याचा तो एकच फोटो. सध्या बाईंच्या दिवाणखान्यात टांगलाय. आत्या, मामा, गुरुजी, नवरा, नवरी, सगळ्यांचे डोळे मिटलेले, तोंडं वासलेली. मधोमध विजयमालाबाई मात्र सोज्वळ हसताहेत. आल्यागेल्यांनी विचारलं, की त्या हळूच सांगतात, "माझ्याजवळच्या शिंका तोवर संपल्या होत्या हो!"