आबा माणूस मागून बघतात

माझे वडील माणसाला आधी मागून बघतात. तोंड नंतर. तुम्ही त्यांच्या ओट्यावर आलात, रामराम केलात, चहा प्यायलात, तासभर बोललात, तरी त्यांचं तुमच्याविषयी काहीही मत झालेलं नसतं. तुम्ही चपला घालून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलात की होतं. आबा मान वाकडी करून तुमच्या टाचांकडे बघतात आणि शेजारी जो बसला असेल त्याला निकाल सांगतात. "मानूस सरळ शे, पन थकेल शे." किंवा, "हाऊ शब्द देई, पन येनार नही."

याचं मूळ बैलांत आहे. आमचं गाव तापीच्या काठी, शहाद्यापासून फार लांब नाही. आबांची शेती बेताची, पण बैलाची पारख अशी की अक्कलकुव्याच्या किंवा खापरच्या बाजाराला निघालेला माणूस आधी आमच्या ओट्यावर यायचा. आबांनी या कामाचे पैसे कधी घेतले नाहीत. जाता-येता गाडीत पुढे बसवायचं आणि बाजारात शेवभाजी खाऊ घालायची, एवढाच करार. दात आणि शिंगं ते बघायचेच नाहीत. "दात घासता येतस, शिंगं रंगाडता येतस. चाल कोन रंगाडी?"

व्यापारी त्यांना ओळखून होते. आबा बाजारात शिरले की लंगडणारे बैल भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. आबा नेमके त्यांच्यापुढेच थांबायचे. "चालाडीसन दखाड." व्यापारी बैलाला मऊ मातीवरून एक चक्कर मारून आणायचा. "आते सडकवर चालाड." व्यापाऱ्याचा चेहरा तिथेच पडायचा. बैल चालायच्या आधीच सौदा मोडलेला असे.

पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले आणि ओट्यावर बैलासाठी येणारी माणसं बंद झाली. नजर मात्र रिकामी बसेना. ती माणसांवर आली. तशी ती आधीही अधूनमधून माणसांवर जायचीच. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा आबांनी मुलाला शिक्षण, नोकरी काही विचारलं नाही. म्हणाले, "पाव्हना, विहिरवरनी मोटर चालू शे का, जरा दखी या बरं." विहीर शेताच्या पार टोकाला. बिचारा नवे बूट घालून नांगरलेल्या रानातून गेला आणि आला. मोटर बंद आहे, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आबांना मोटरशी काही कर्तव्य नव्हतं. ते आत जाऊन आईला म्हणाले, "डावा खांदा जरासा खाले शे. पन वझं टाकीसन पळनारा नही." माझा नवरा आजही आमचं भांडण झालं की हे प्रशस्तिपत्र बाहेर काढतो.

मी नंदुरबारला राहते. माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. भावंडं मला नाहीत. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आबा गावी एकटे असतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. आमच्याकडे या म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तठे गल्लीम्हा गाड्या चालतस. मानूस कोठे चालस?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की आबा चालताना थांबतात. घरापासून मारुतीच्या पारापर्यंत तीनदा. दम लागतो, असं कबूल करणारा हा माणूस नव्हे. थांबले की ते काहीतरी बघत असायचे. पहिल्यांदा कुणाच्या तरी म्हशीकडे, मग विजेच्या खांबाकडे, मग कडुनिंबाकडे.

"आबा, काय दखी ऱ्हायनात?"

"हाऊ निंब वाकी ऱ्हायना."

तो निंब माझ्या जन्माच्या आधीपासून वाकलेला आहे. मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि आबांना नंदुरबारच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे वेगळीच अडचण आली. डॉक्टर फिरत्या खुर्चीत बसले होते. खुर्ची इकडे वळली की ईसीजीची पट्टी, तिकडे वळली की कागद. ते एकदाही उठले नाहीत. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारलं, "याले पाय शेत का?" डॉक्टर जेवायला उठेपर्यंत त्यांनी आम्हाला बाकावरून हलू दिलं नाही. डॉक्टर उठले, व्हरांड्यातून गेले. "बरा शे," आबा म्हणाले, "घाई करत नही." मगच त्यांनी चिठ्ठीवरच्या गोळ्या घ्यायला होकार दिला.

या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी सुरतला पाठवलं. तिथे जो पहिला तरुण डॉक्टर भेटला, तो चवड्यांवर पळत होता. "हाऊ गोऱ्हा शे. आजून कासराले झटका मारस." पण त्याने केलेल्या तपासणीत जे निघालं ते निघालं. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. मोठ्या सर्जनांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. नळी घालून उघडण्यासारखं हे काम नाही, बायपास करावी लागेल. वय शहात्तर आहे, म्हणजे धोका आहे. गोळ्यांवरही काही काळ निघेल, पण किती ते सांगता येणार नाही. आणि फार उशीर केलात तर ऑपरेशन करण्यासारखी स्थिती राहणार नाही. लवकर ठरवा.

हे सर्जन साठीच्या पुढचे. बोलणं संपल्यावर ते उठून लांबलचक व्हरांड्यातून वॉर्डाकडे गेले, टाच पूर्ण टेकवत, सावकाश. आबा दारातून वाकून बघत राहिले. ते वळणाआड गेल्यावर म्हणाले, "हाऊ चाली." यापेक्षा मोठी स्तुती आबांच्या तोंडून मी बैलाचीही ऐकलेली नाही. मला वाटलं, सुटलो.

गाडी नवापूरच्या अलीकडे आली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला. "डाक्टर चांगला शे. पन ऑपरेशन करानं नही."

"काबर?"

"म्हातारा बैलवर खर्च करू नही. अन् त्याले इकू बी नही. खुट्यावर ऱ्हाऊ द्यानं, चारापानी टाकानं."

"आबा, तुम्ही बैल नही शेतस," माझा नवरा आरशात बघून म्हणाला.

"तुमले काय ठावं, पाव्हना."

पुढचे काही दिवस माझी आणि आबांची फोनवर रोज झटापट. मी जोखमीचं सांगितलं, ते म्हणाले, जोखीम तर विहिरीत उतरतानाही असते. मी म्हटलं, खर्चाची काळजी करू नका, सोय झालेली आहे. ते म्हणाले, मंग त्याम्हा नवी चक्की ले. विनवण्या करणं मला जमत नाही आणि आबांना आवडतही नाही. मी फोन ठेवायचे आणि मिरचीकडे वळायचे.

एका दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. मी पुन्हा केला, पुन्हा केला. शेवटी गिऱ्हाइकांच्या पिशव्या तशाच ठेवून दुकानाला कुलूप लावलं आणि एसटी पकडली. घर उघडं, फोन खाटेवर. आबा शेताच्या बांधावर बसले होते, शर्ट घामाने भिजलेला आणि ओठांचा रंग गेलेला. मला बघून म्हणाले, "तू काबर उनी? मी निस्ता बसना व्हतू." त्यांना धरून घरी आणलं, जिभेखालची गोळी दिली आणि त्यांना बरं वाटेपर्यंत खाटेजवळ बसून राहिले. मग सुरतला फोन केला. सर्जन म्हणाले, लगेच इकडे आणलं तर उत्तम. येत नसतील तर घरी ते किती चालतात, कुठे थांबतात, मोबाईलवर काढून पाठवा, मी आजच बघतो.

आबा येत नव्हते. म्हणून संध्याकाळी नवरा आल्यावर आम्ही तेच केलं. घरापासून पारापर्यंत, अगदी सावकाश. मी आबांचा हात धरून बाजूने, नवरा मागून मोबाईल धरून. आबा चारदा थांबले. चौथ्यांदा बघायला म्हैसही नव्हती, खांबही नव्हता. ते नुसते थांबले.

परत येऊन ओट्यावर टेकल्यावर त्यांनी हात पुढे केला. "दखाड."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली बघितलेल्या माणसाला आपली चाल पहिल्यांदाच दिसणार होती, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटली. आबांनी चष्मा लावला. एकदा बघितलं. नवऱ्याकडून परत लावून घेतलं. तिसऱ्यांदा मोबाईल नाकाजवळ धरला. आता ते स्वतःला नापास करतील, आणि एकदा दिलेला निकाल आबा फिरवत नाहीत, हे मला माहीत होतं.

"उजवा," ते म्हणाले.

"काय उजवा?"

"तुन्हा उजवा गुडघा. कवयपाईन दुखस?"

"मन्हं काही दुखत नही. आबा, तुम्ही सोताकडे दखा ना."

"मन्हं काय दखानं? म्हातारा शे, थकेल शे. त्याम्हा काय नवं?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "आठे दख. पाय पुरा टेकत नही तोच उचली लेस. मन्हं वझं डावा अंगवर लेस. चार-सा महिनापाईन व्हई हाई."

सहा महिनेच झाले होते. मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

आबांनी चष्मा काढला आणि धोतराने पुसत बसले. "तुन्ही माय बी आशीच चाले."

"कवय?"

"जावाना पहिले वरीसभर. माले दखाये. मी बोलनू नही."

आईचं दुखणं कमरेच्या हाडातलं. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आबांना आधी कळलं होतं, हे मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

"काबर बोलनात नही?"

"घरना मानूसनी खोड कशी काढानी?" आबा म्हणाले. "आज बोलसू, उद्या बोलसू. मंग बोलाले ती ऱ्हायनी नही."

आबांनी चष्मा खिशात ठेवला. ते म्हणाले, "उभी ऱ्हाय. खांब धर." मी एक्कावन्न वर्षांची, साडी सावरत ओट्याचा खांब धरून उभी राहिले. आबा पायरीवर सरकून बसले आणि दोन्ही अंगठ्यांनी माझा गुडघा वरून खाली चाचपत आले.

"आठे?"

"नही."

अंगठा बोटभर सरकला. "आठे?"

मी नाहीच म्हणणार होते, पण पाय आपोआप उचलला गेला.

"बैल बी बोलत नही," आबा म्हणाले. अंगठा त्यांनी तिथेच ठेवला, नुसता, दाब न देता.

"मी सुरतले भरती व्हयनू, म्हंजे तू एक जागावर बसशी का?"

"बसनंच पडी. तठे दुसरं काय काम ऱ्हाई?"

"कितला दिन?"

"आठ-दहा. मंग तुमले मन्हाकडेच लई जासू."

"मंग दुकानथाईन आठे पळनं बी नही."

"नही."

आबांनी विचार केला. मग माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हना, त्या डाक्टरले फोन लावा. सांगा, दोन जन येतस."

"आबा, तो छातीना डाक्टर शे," मी म्हटलं.

"इतला मोठा दवाखाना शे, गुडघाना बी व्हई कोनी. इचार."

नवऱ्याने फोन लावून माझ्या हातात दिला. आज रात्रीच निघतो, असं मी सर्जनांना सांगितलं, सोबत काय काय आणायचं ते विचारून घेतलं. मग, आबा खालून बघतच होते म्हणून, गुडघ्याचंही विचारलं.