हौसाबाईंचं डोकं ठिकाणावर

कोपरीच्या हौसाबाई पाटलांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं, आणि घरात त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हेही ठरवलं. टिटवाळ्याचा दोन गुंठ्यांचा तुकडा त्या तिथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला देणार होत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला, गोदाला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती शाळेची पायरी न चढताच गेली. गावानं तिला अखेरपर्यंत मुकीच म्हटलं. पण त्याच तुकड्यावर ऋतुराजचा, त्यांच्या मुलाचा, डोळा होता. तिथे बंगला बांधायचा म्हणून त्यानं बायकोला, मैथिलीला, स्वयंपाकघराच्या फरश्यासुद्धा पसंत करायला लावल्या होत्या.

वकील दिशा मॅडम म्हणाल्या की, वय शहात्तर आहे, तेव्हा मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलेलं बरं. हौसाबाई गुपचूप डॉक्टर गुप्त्यांकडे जाऊन आल्या. पत्र तयार झालं आणि दवाखान्यातून फोन गेला तो नेमका ऋतुराजला, कारण केसपेपरवर नंबर त्याचाच होता.

"तुमच्या आईंच्या डोक्याचं सर्टिफिकेट घेऊन जा," एवढं सांगून कंपाउंडरनं फोन ठेवला.

आईच्या डोक्यात बिघाड झालाय, असाच ऋतुराजनं त्याचा अर्थ लावला. आईला थेट विचारायची त्याची छाती होईना. मग नवराबायकोनं मिळून नजर ठेवायला सुरुवात केली. मैथिली भाजी निवडता निवडता आज वार कोणता, असं सहज विचारी. ऋतुराज जुने फोटो काढून हा कोण, ती कोण करी. हौसाबाईंना वाटलं, यांना मृत्युपत्राचा वास लागला. त्या इतक्या बावरल्या की गुरुवारला बुधवार म्हणाल्या, गॅसवर रिकामं पातेलं ठेवून बसल्या आणि रात्री जेवायला बोलावताना ऋतुराजला शिवराम म्हणून हाक मारली. शिवराम म्हणजे त्यांचा नवरा. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मैथिलीनं डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई पत्र आणायला गेल्या, तर डॉक्टरांसमोर ऋतुराज बसलेला. त्यानं चुकलेल्या वारापासून रिकाम्या पातेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं होतं. डॉक्टरांनी पत्र खणात परत ठेवलं आणि आता मोठ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देता येणार नाही, म्हणाले. बारा वाजता वकिलांकडे सह्या होत्या.

"मना काय नाय झालं," त्या म्हणाल्या. "टिटवाळ्याची जागा मी बहिऱ्या पोरांच्या शाळेला देतंय. गोदाच्या नावानं. तुला सांगायला घाबरलेली, म्हणून चुकत होते."

ऋतुराज खुर्चीतून उठला आणि परत बसला.

"तुम्ही रोज त्यांच्यासोबत असता," डॉक्टर त्याला म्हणाले. "तुम्हीच सांगा, पत्र देऊ का?"

नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं, तरी जागा वाचली असती. ऋतुराजला त्या फरश्या दिसल्या, निळ्या नक्षीच्या. आई त्याच्याकडे बघत नव्हती, खणाकडे बघत होती.

"द्या," तो शेवटी म्हणाला. "गोदामावशीला मी विसरलेलो. ही नाय विसरली."

त्यानंच तिला रिक्षात घालून नौपाड्याला वकिलांकडे नेलं. तिथे दोन साक्षीदारांपैकी एक आलाच नव्हता. ऋतुराजनं खिशातून पेन काढलं आणि सही कुठे करायची, विचारलं.

"तुम्ही नको," दिशा मॅडम म्हणाल्या. "मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीला न बसलेलं बरं."

"मला कुठे काय मिळतंय?"

दिशा मॅडमनी हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाईंनी कागद सावकाश पालथा घातला आणि त्यावर हात ठेवला.

"ते मी गेल्यावर वाच," त्या म्हणाल्या. "आता खाली जा, आन् सहीला कोनतरी शाना मानूस घेऊन ये."